हौसाक्काचे हात

उजवा पाय आधी घालायचा की डावा, हे आमच्याकडे माझी लेक ओजू ठरवायची. ज्या पायाचा ताठपणा आधी सैल होईल, तो आधी. गुडघ्याखाली एक हात धरायचा, टाचेखाली दुसरा, आणि थांबायचं. काही करायचं नाही, नुसतं थांबायचं. मिनिटभराने गुडघा आपणहून वाकतो, मग हळूच सलवार चढवायची. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हिच्याशी घाई केलीत की हिचे पाय तुमच्याशी भांडणार." पाच वर्षं मी थांबत आले होते.

त्या दिवशी थांबले नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर होतं. दहाला नंबर लागणार होता आणि नऊ वाजून गेले होते. नवरा रिक्षा आणायला गेला होता, सासूबाई देवळात. तिथे फोटो काढतात, तो कायमचा त्या कार्डावर राहतो, म्हणून मला ओजूला छान नटवायचं होतं. नणंदेनं दिलेला राणी रंगाचा चुडीदार मी कपाटातून काढला. खाली निमुळता, घट्ट. ओजूसारख्या मुलीला असला कपडा घालू नये हे मला कळत होतं. पण फोटोत तिने चारचौघींच्या मुलींसारखं दिसावं असं वाटत होतं.

"आई गं, उशीर झाला बघ. पाय सोड ना, शहाणी माझी," मी म्हणाले.

ओजू हसत होती. तिला गडबड आवडते. हसली की तिचं सगळं अंग ताठ होतं, पाय एकमेकांवर कात्रीसारखे येतात. मी टाच धरली आणि चुडीदार वर ओढला.

कट्.

आमचं गाव इचलकरंजी. खाली, शेजारी, मागच्या गल्लीत, सगळीकडे माग चालतात. इथे माणसं मोठ्याने बोलतात आणि बारीक आवाजांकडे दुर्लक्ष करायला आपोआप शिकतात. मला वाटलं, चुडीदाराचं बटण तुटलं. मी बटण पाहिलंही. ते जागेवर होतं.

ओजू रडायला लागली. पण ओजू बऱ्याचदा रडते. भूक लागली, पोटात गॅस झाला, कुकरची शिट्टी झाली, तरी रडते. तिला बोलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक रडण्याचं भाषांतर मलाच करावं लागतं. मी केलं, 'नवा कपडा टोचतोय.'

तेवढ्यात हौसाक्का आली.

हौसाक्का मालीश करायची. गावातल्या निम्म्या पोरांना तिने आपल्या पसरलेल्या पायांवर पालथं घालून न्हाऊ घातलं होतं. साठीच्या पुढची, काळीसावळी, कोपरापर्यंत गोंदलेली. आठ महिन्यांपासून ती रोज सकाळी ओजूला तेल लावायला यायची. दारातूनच ओरडायची, "कुठं हाय माझी म्हाराणी?" आणि ओजू जिथे असेल तिथून किंचाळायची. दिवसभरात ती दुसऱ्या कुणासाठी असं किंचाळत नव्हती.

"का रडतीया म्हाराणी? आयनं मारलं व्हय?"

"नवा ड्रेस टोचतोय हो. हौसाक्का, आज मालीश राहू दे, आम्हाला शिबिराला जायचंय."

"बघू तर." ती खाली बसली. ओजूच्या कपाळावर हात ठेवला, मग पोटावर, मग उजव्या मांडीवर. मांडीवरून तिने हात असा काढला की मला तव्याची आठवण झाली.

"वैनी, ह्यो पाय गरम लागतुया."

"रडतेय ना, म्हणून."

"न्हाई. एवढाच गरम हाय. दुसरा बघा, गार हाय. मी काय ह्याला हात लावत न्हाई. आधी डागदरला दावा."

"शिबिरात डॉक्टरच असतात."

हौसाक्का उठली नाही. ओजूचा हात हातात घेऊन बोटं चाचपत राहिली. "वैनी, रागावू नका. ही पोरगी हातात धरली की मला भ्या वाटतंय. बरगड्या बघा, काड्या हायत. मी किती डाव सांगितलं, तेल लावल्यावर उन्हात धरा. उन्हात धरल्याबिगार हाड धरत न्हाई."

"काळी पडेल."

"पडू दे की! काळी म्हणून का कोण टाकून देतंय?"

ऊन आमच्या गॅलरीत येतं, आणि गॅलरीसमोर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या आहेत. ओजूला तिथे घेऊन बसलं की समोरच्या बायका कपडे वाळत घालण्याचं काम फार सावकाश करायच्या. एकीने तर आपल्या लहान मुलाला उचलून दाखवलं होतं. हे मी हौसाक्काला कधी सांगितलं नाही. काळी पडेल, एवढंच सांगायचे.

त्या दिवशी ती तेलाची वाटी न उघडताच गेली. जाताना पुन्हा म्हणाली, "पाय हलवू नका हं तिचा."

*

शिबिरापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. रिक्षात बसवताना ओजूने जो आवाज काढला तो तिचा रोजचा नव्हता. निरंजनने, माझ्या नवऱ्याने, रिक्षा परस्पर दवाखान्याकडे वळवायला सांगितली. सासूबाई मागून स्कूटरवर शेजाऱ्यांच्या मुलीबरोबर आल्या.

मांडीचं हाड मोडलं होतं. एक्स-रेच्या फोटोत ते तिरकं दिसत होतं, ओल्या फांदीसारखं नाही, वाळक्या काटकीसारखं.

डॉक्टर बेडेकर तरुण होते, चष्म्याआडून एकेकाकडे नीट बघून बोलायचे. "ही पडली का?"

"नाही," निरंजन म्हणाला. "ती चालतच नाही. पडणार कुठून?"

"मग कुणाच्या हातून पडली?"

"नाही हो."

"मांडीचं हाड आहे हे. सहज मोडत नाही. मूल बोलू शकत नसेल तर आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं. नियम आहे, राग मानू नका. सकाळपासून हिला कुणी कुणी हाताळलं?"

आता मला सांगावं लागेल की तेव्हा माझ्या मनात काय होतं. निरंजनच्या टेबलाच्या खणात एक फॉर्म होता. मिरजेच्या बाजूला अशा मुलांची एक निवासी संस्था होती, तिचा. महिन्यापूर्वी ओजूला घास घशात अडकला, ती निळी पडली, दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घास मीच भरवत होते. तेव्हा तो फॉर्म आला. निरंजन वाईट माणूस नाही. तो एवढंच म्हणाला होता, "तुझ्या एकटीच्याने होत नाहीये. ह्या वेळी ऐकतो तुझं. पुन्हा काही झालं तर मी भरून टाकणार." सासूबाईंनी त्यावर मान डोलावली होती. "तिथं शिकलेल्या बाया असतात म्हणे," त्या म्हणाल्या होत्या.

आधीही मी ओजूला पातळच भरवायचे, त्या घासानंतर तर घट्ट काही दिलंच नाही. सगळं गाळून. भाताची पेज गाळून, वरणाचं वरचं पाणी, बिस्किट पाण्यात विरघळवून. दुधाने कफ होतो म्हणून दूध तर दोन वर्षांपासून बंद होतं. एक वाटी संपवायला तास लागायचा आणि त्या तासात मी घामाने भिजायचे. तरी दिवसातून पाच तास मी तिला भरवत होते. कुणी म्हणालं असतं की ही मुलगी उपाशी आहे, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

"कुणी हाताळलं?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ती मालीशवाली येते ना रोज! दणादणा रगडते. मी म्हणत होते हिला, ह्या अडाणी बायकांच्या हातात द्यायचं हे लेकरू नाही."

निरंजन माझ्याकडे वळला. "आज आली होती का?"

"आली होती," मी म्हणाले.

ते खरं होतं. ती आली होती.

*

दुपारी दवाखान्याच्या चौकीतून एक महिला हवालदार आल्या. कागदावर रेघा आखून बसल्या. आवाज मऊ होता. त्यांनी मला पाणी दिलं.

"मालीशवालीचं नाव?"

"हौसाबाई कोळेकर. हौसाक्का म्हणतात."

"आज सकाळी मोडलेल्या पायाला मालीश केली का तिने?"

ओजू कॉटवर होती. पायाला वजन बांधलं होतं. इंजेक्शनने तिला गुंगी आली होती, पण पापण्या पूर्ण मिटल्या नव्हत्या. फटीतून ती माझ्याकडे बघत होती असं मला वाटलं. निरंजन खिडकीपाशी उभा होता, सासूबाई स्टुलावर.

"बाई, केली का?"

"हो."

हवालदारबाईंनी लिहून घेतलं. एवढासा शब्द, पण त्यांनी पूर्ण वाक्य केलं, 'सदर महिलेने उजव्या मांडीस जोराने मालीश केल्याने...' मला वाचून दाखवलं. मी सही केली.

संध्याकाळी चार-साडेचारला हौसाक्काला घेऊन आले. तिच्या हातात अजून कुणाच्या तरी बाळाच्या अंगाचं तेल होतं, पदराला ती पुसत होती. वॉर्डाच्या दारात ती थांबली आणि आधी ओजूकडे पाहिलं. वजन बांधलेला पाय पाहिला.

"आगं माझ्या बाई," ती म्हणाली. "मोडलाच की गं."

"मोडलाच म्हणजे?" निरंजन पुढे झाला. "माहीत होतं तुम्हाला?"

"गरम व्हता साहेब. मी वैनीस्नी म्हणलं..."

"गरम होता तरी रगडलात?"

हौसाक्का गोंधळली. तिने निरंजनकडे पाहिलं, हवालदारबाईंकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत तोपर्यंत भीती नव्हती. मी सांगेन आणि संपेल, असा विश्वास होता.

"वैनी, सांगा की ओ. मी हात तरी लावला का?"

मी ओजूच्या अंगावरची चादर नीट केली. ती नीटच होती.

"सांगा की," ती पुन्हा म्हणाली, जरा हळू.

"सोडा हो तिला," मी हवालदारबाईंना म्हणाले. "आम्हाला तक्रार करायची नाही. म्हातारी बाई आहे."

ह्याला सासूबाईंनी नंतर माझा चांगुलपणा म्हटलं. हौसाक्काला मात्र मी काय म्हणाले ते बरोबर कळलं. तिचा चेहरा एकदम बंद झाला. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले, जणू ते कुणाला दिसू नयेत, आणि ती हवालदारबाईंच्या मागे निघाली. चौकीत तिला दोन तास बसवून ठेवलं. "पुन्हा असले धंदे केलेस तर आत टाकीन," असं सांगून सोडलं. हे मला दवाखान्याच्या आयाने सांगितलं, कौतुकाने.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बेडेकरांनी आम्हा तिघांना खोलीत बोलावलं. रक्ताचे रिपोर्ट आले होते. टेबलावर त्यांनी ओजूचे सगळे फोटो मांडले, दोन्ही पाय, हात, बरगड्या.

"पोलिसांना मी कळवतोय की संशय घेण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "हे हाड कुणी मारून मोडलेलं नाही. हिची सगळीच हाडं अशी आहेत. ही बाहेरची कड बघा, पेन्सिलीच्या रेघेएवढी आहे. जाड हवी. ड जीवनसत्त्व निदान तीस हवं, हिचं सहा आहे. कॅल्शियम कमी. वजन सहा वर्षांच्या मुलीचं अकरा किलो. ही काय खाते?"

मी सांगितलं. गाळलेलं सगळं.

त्यांनी लिहून घेतलं नाही, नुसते ऐकत राहिले. "झटक्यांचं औषध किती वर्षं चालू आहे?"

"चार."

"त्या औषधाने ड जीवनसत्त्व कमी होतं. त्यात ही उभी राहत नाही, पायावर भार नाही, मग हाड कशासाठी जाड होईल? त्यात खाणं पातळ, दूध नाही, ऊन नाही. चार वर्षांत एकदाही तपासलं नाही कुणी? सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. रोज सकाळी नऊ वाजता, तेलाची वाटी हातात घेऊन, एका बाईनं सांगितलं होतं. ती शिकलेली नव्हती, म्हणून ते सांगणं नव्हतं.

"आणि हे बघा." त्यांनी डाव्या पायाच्या फोटोवर बोट ठेवलं. नडगीवर एक फुगवटा होता, दोरीला गाठ मारावी तसा. "ही जुनी मोड आहे. आपोआप भरून आलेली. साधारण वर्षापूर्वीची. तेव्हा काही झालं होतं?"

गेल्या दिवाळीत ओजू आठ दिवस रडत होती. आम्ही म्हटलं, दात हलतायत. झोपेचं औषध दिलं. आणि व्यायाम चुकवायचा नाही म्हणून मी त्या आठही दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिचा तो पाय ताणला. वीस वेळा, मोजून. ती रडायची आणि मी म्हणायचे, "आळशी कुठली. एकोणीस... झालं, एकच राहिला." मोडलेला पाय मी ताणत होते.

"मालीशवाली कधीपासून येते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ महिने झाले," निरंजन म्हणाला.

"मग ही मोड तिची नाही."

"ते जुनं नसेल तिचं," सासूबाई म्हणाल्या, "पण हे ताजं?"

"ताजंही कशानेही होऊ शकतं, आजी. अशा हाडांना रगडावं लागत नाही. लंगोट बदलताना मोडतं, कपडे घालताना मोडतं. घालणाऱ्याला कळतही नाही. त्यात कुणाचा दोष नसतो."

डॉक्टरांनी दार उघडून ठेवलं होतं. अगदी सताड. मला फक्त त्यातून बाहेर पडायचं होतं. कपडे घालताना मोडलं, मी म्हणाले असते, आणि त्यांनी म्हटलं असतं, बघा, मी म्हटलं नव्हतं का? पण निरंजन त्याच क्षणी म्हणाला, "पण काल मालीशच केली होती ना तिने?" आणि तो माझ्याकडे बघत होता. मला दिसत होतं की त्याला माझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे, की ते मी नव्हते. मी नसेन तर तो फॉर्म खणात राहणार होता. मी असेन तर मला माहीत नव्हतं काय होणार.

"हो," मी दुसऱ्यांदा म्हणाले.

*

ओजूचा पाय जुळायला दोन महिने लागले. औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं, त्यांनी घोटून कसं द्यायचं, दाटपणा किती ठेवायचा, हे शिकवलं. गाळणी कट्ट्यावरून गेली. रोज सकाळी आठला मी ओजूला गॅलरीत नेऊन उन्हात बसवू लागले. समोरच्या बायका बघायच्या. मी पण त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा त्या आत गेल्या. एवढंच करायचं होतं, इतकं सोपं होतं ते. फॉर्म निरंजनने एके दिवशी माझ्यासमोर फाडला.

आणि हौसाक्काला गावात कुणी बोलवेना.

ते मला हळूहळू कळत गेलं. भाजीवालीने सांगितलं, वाण्याच्या बायकोने सांगितलं. "तुमच्या मुलीचं ऐकून अंगावर काटा आला हो. आमच्या सुनेच्या वेळी नर्स ठेवली." जी ती मला ही बातमी भेट आणल्यासारखी द्यायची.

एक दिवस ओजू झोपल्यावर मी तिच्या घरी गेले. पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं यंत्र. हौसाक्का त्याच्यापुढे बसून सूत लावत होती. बोटं सुताने चिरली होती, दोन बोटांना चिंधी बांधली होती. तेलात राहिलेले ते हात कोरडे, पांढुरके झाले होते.

तिने मला बसा म्हटलं. उठली नाही.

"म्हाराणी कशी हाय?"

"बरी आहे. वजन वाढलं दीड किलो." मग मला रडू आलं. "हौसाक्का, तो पाय..."

"मला ठावं हाय." तिने यंत्र बंद केलं. "तुमच्या हातनं मोडला. मी मांडीवर हात ठिवला तवाच कळलं. ताजं मोडल्यालं हुतं, आन घरात दुसरं कोण हुतं?"

"मग तुम्ही चौकीत का नाही बोललात?"

"बोलून? सायबाच्या तोंडावर? पोरगी तिकडं मिरजंला टाकली असती तुमच्या सासूनं. मला बोलल्या हुत्या त्या, आश्रमाचं." तिने एक कांडी उचलून टोपलीत टाकली. "तुमी का व्हय म्हणालासा, ते मला तिथंच कळलं वैनी. आईचंच काळीज हाय, म्हणलं, असू दे. वाटलं, पोरीचं निभावलं की सांगतील. दोन म्हैनं झालं."

"मी आजच सांगते. निरंजनला, सासूबाईंना..."

"त्यास्नी सांगून माझं काय हुतंय?" ती पहिल्यांदाच चिडली. "तुमच्या घरात सांगून तुमचं मन हलकं हुईल. बायकास्नी सांगा. जिथं बाळंतीण हाय, पोर हाय, तिथं सांगा. मी दुसरं काय मागत न्हाई. माफी बी नको. निस्तं म्हणा, हौसानं त्या पायाला हात लावला न्हवता. एवढंच."

"सांगते," मी म्हणाले. "शपथ."

"शप्पत ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. त्या आवाजात पुढचं काही बोलता आलं नसतं.

*

चारच दिवसांनी खालच्या मजल्यावर शेट्यांकडे बारसं होतं. त्यांची प्राजक्ता माहेरी बाळंत झाली होती. ह्या प्राजक्ताला तिच्या लहानपणी हौसाक्कानेच न्हाऊ घातलं होतं, सगळ्या गल्लीला हे माहीत होतं.

मी ओजूला खुर्चीत घालून खाली नेलं. मुद्दाम नेलं. तिने ऐकावं असं वाटत होतं. सासूबाई आधीच जाऊन पाळण्यापाशी बसल्या होत्या. पंधरा-वीस बायका होत्या. घुगऱ्या वाटल्या जात होत्या, कुणीतरी 'कुणी गोविंद घ्या' सुरू करून विसरलं होतं, हशा चालला होता.

"तेल-पाण्याला कोण येतं गं?" एकीने विचारलं.

"ब्युरोतून मुलगी येते," प्राजक्ताची आई म्हणाली. "मोजे घालून अंघोळ घालते! हौसाक्कालाच सांगायचं होतं, पण..." तिने ओजूकडे बघून आवाज खाली आणला. "तुमच्या ओजस्वीचं असं झालं. बाई, धीर होईना. तुमच्यामुळं आमचं वाचलं म्हणायचं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मायेने पाहिलं. इतक्या बायकांनी एकाच वेळी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"हौसाक्कानं त्या पायाला हात लावला नव्हता," मी म्हणाले.

आवाज चिरका आला.

"पाय माझ्या हातून मोडला. चुडीदार घालताना. हौसाक्का त्यानंतर आली. ती म्हणाली, पाय गरम आहे, दवाखान्यात न्या. तिने तेलाची वाटीसुद्धा उघडली नाही. मी खोटं सांगितलं."

झालं. सांगून झालं होतं. पाळण्यातलं बाळ तेवढं चुळबुळत होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळताना मला दिसली, तो चुडीदार, ती सकाळ, मी वॉर्डात नीट केलेली चादर. त्यांना कळलं. त्या खोलीत फक्त त्यांनाच कळलं.

मग त्या हसल्या.

"हिचं हे असंच आहे," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्या बाईचं काम गेलं ना, ते हिला खुपतंय. परवा तिच्या घरी जाऊन रडून आली. आता सगळं स्वतःवर घ्यायला निघाली. काय म्हणावं!"

खोलीतला श्वास सुटला.

"अगं बाई! खरंच का?"

"नाही तर काय! पोलिसात तक्रारसुद्धा करू दिली नाही हिने. म्हणे म्हातारी आहे, सोडा."

"स्वतःच्या लेकराचं हाड मोडलं असं कुठली आई म्हणेल हो चारचौघांत? केवढं मन लागतं!"

"म्हणून तर देवानं असं लेकरू हिच्या पदरात घातलं," प्राजक्ताची आई डोळे पुसत म्हणाली. "तो बघून देतो."

"तसं नाही," मी म्हणाले. "खरंच. मी..."

"बरं, बरं." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, लहान मुलीला समजवावं तसा. "कळलं आम्हाला. तू नको त्रास करून घेऊ."

सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं. घट्ट. त्या माझ्या कानाशी आल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "ओजू घरात राहायला हवी आहे ना तुला?"

ओजू खुर्चीत बसून पाळण्याच्या झुंबराकडे बघत होती. तिच्या गालाला रंग आला होता. उन्हाने ती थोडी काळवंडली होती आणि मला ती फार, फार सुंदर दिसत होती. मी एकदा अजून म्हणू शकले असते. ओरडून म्हणू शकले असते, तेव्हा कुणीतरी ऐकलं असतं. शब्द तोंडात तयार होते.

प्राजक्ताची आई ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. नारळ, तांदूळ, जांभळ्या रंगाचा खण. "पहिली ओटी हिचीच भरते," ती म्हणाली. "असा हात लागला तर माझ्या नातवाचं कल्याण होईल."

मी पदर पुढे केला.